‘वा’चा ‘ना’ जाहला ते वर्तमान

श्री. ज्याने गोकुळी घरोघरचे दही-लोणी चोरून भक्षिले, कोणाचे हातचे ते पुशिले नाही, भांड्यात काय घातले तेही पुशिले नाही, आणि ज्यास काहीएक बाधले नाही, त्या गोपाळास आधी नमस्कार. ज्यांस बाधते त्यांचा कैवारही त्यानेच घ्यावा, ऐसी विनंती करून लेखणी हाती धरिली. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण वद्य नवमी, गोपाळकाल्याचा दिवस, ते दिवशी राज्यात जे घडले आणि पुढे वर्षभर जे वाढले ते लिहितो. राज्याचे नाव पुसाल तर सांगणार नाही. नाव सांगितले की लोक म्हणतात, ते राज्य वेगळे आणि आम्ही वेगळे, आणि मग बोध कोणीच घेत नाही.

तर राज्य भरभराटीचे. गादीवर श्रीमंत हैबतराव महाराज, स्वभाव सालस, कोणाचे मन मोडवत नसे म्हणून निम्मे हुकूम ओठावरच राहात. राणी मृण्मयीबाईसाहेब शिकलेल्या, बोलणे थोडे आणि नेमके. उभयतांस एकच कन्या ओवीराजे, वय वर्षे सात, अंगाने बारीक, बोलण्यात भल्या कारभाऱ्यास हटविणाऱ्या. राज्यात धूळ म्हणून उरली नव्हती. खिडक्यांस काचा, काचांस पडदे, आत हवा गाळणारी यंत्रे, पाणी गाळून बाटलीत, भाजी पिशवीत आणि पिशवी पेटीत. मुले मातीत खेळत नसत, मातीच्या रंगाचे रबर अंथरून त्यावर खेळत. आणि इतका बंदोबस्त करूनही प्रजा शिंकत होती. कोणास फुलांच्या परागाने, कोणास मांजराने, कोणास उदबत्तीने. हा लेखकही दप्तराच्या धुळीने शिंकतो, परंतु त्यात धुळीचा दोष नाही, ती तेथे आमच्या आधीपासून आहे. पूर्वी कोणी बाहेर निघते वेळी शिंक आली तर घोटभर पाणी पिऊन, घटकाभर बसून मग निघत. आता कोणी ना कोणी शिंकतच असे, तेव्हा स्वाऱ्या निघेनात, वऱ्हाडे उंबऱ्यावर खोळंबली, आणि मग शास्त्रीबोवांस बोलावून ठराव जाहला की वावड्याची शिंक अपशकुनात धरू नये, साधी शिंक मात्र धरावी. वावड्याची कोणती आणि साधी कोणती हे ओळखावे कैसे, ऐसे महाराजांनी पुशिले, त्यास शास्त्रीबोवांनी उत्तर दिले नाही, कारण ते शिंकत होते.

वावडे हा शब्द जुना आणि भारदस्त. जे अन्न अंगास मानवत नाही ते वावडे. परंतु लोकांनी तो जिकडे तिकडे लावून पातळ केला होता. आळश्यास कामाचे वावडे म्हणत, मळकट माणसास आंघोळीचे वावडे म्हणत, आणि ऐसे म्हणता म्हणता खऱ्या वावड्यासाठी शब्दात जोर राहिला नाही. मागील संक्रांतीस ओवीराजांनी तिळगुळाचा लाडू खाल्ला, त्यात दाण्याचे कूट होते, आणि ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासास घरघर लागली. राजवैद्य डॉक्टर रेहाना मुजावर धावत आल्या, औषध दिधले, जीव ठिकाणी आला. मग त्यांनी राजा-राणीस समोर बसवून सांगितले, “हे लाड नाहीत आणि नखरेही नाहीत. ओवीला शेंगदाण्याचं वावडं आहे. पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं, घसाच बंद होईल. कूट, चटणी, चिक्की, काही म्हणजे काही नको.” आणि लेखणीच्या आकाराची एक सुई राणीसाहेबांचे हाती दिधली, की प्रसंग पडला तर विचार करीत बसू नये, मांडीत खुपसावी आणि तडक दवाखाना गाठावा. त्या दिवसापासून ती सुई राणीसाहेबांच्या कमरेच्या बटव्यात राहू लागली. लोक म्हणत, बटव्यात पानसुपारी असते, ह्यांच्या बटव्यात हत्यार. राणीसाहेब ऐकत आणि बटवा अधिकच घट्ट खोवीत.

आता महाराजांच्या वडील भगिनी आक्कासाहेब मंजुळाबाई. ह्यांचे सासर पलीकडील मुलखात, जेथे जिकडे पाहावे तिकडे भुईमूग, आणि जेथे कुटावाचून काकडीची कोशिंबीर केली तर सून माहेरी कशी वाढली ते पुसतात. ओवीराजांच्या बारशास कानात कुर्र करून नाव ठेविले ते ह्यांनीच. भाचीवर जीव इतका की इकडून ओवी शिंकली तर तिकडे त्या म्हणत शतायुषी हो. परंतु नणंद-भावजयीचे बोलणे मोजके. भांडण नव्हते, भांडण असते तर बरे, बोलणे तरी झाले असते. काल्यास आक्कासाहेब येणार ऐसे कळले, तेव्हा राणीसाहेबांनी स्वतः फोन लावावयाचा तो लाविला नाही, चिटणीस दिगंबर सबनीस यांस बोलावून सांगितले की आक्कासाहेबांस लिहा, “ओवीस शेंगदाणा वावडे. ध्यानी असावे.” चिटणीसांनी मोबाइल काढिला आणि तैसेच लिहिले. परंतु ते यंत्र मोठे आगाऊ. लिहिणाऱ्याने काय लिहिले त्यापेक्षा त्यास काय लिहावयाचे असेल ते आपणच ठरविते. त्याचे पोटात वावडे हा शब्दच नव्हता, तेव्हा त्याने आपल्या अकलेने तो सुधारिला, आणि मजकूर गेला तो ऐसा: “ओवीस शेंगदाणा नावडे. ध्यानी असावे.” पूर्वी कधी ध चा मा जाहला म्हणतात, तो माणसाने बुद्धिपुरस्सर केला. येथे वा चा ना जाहला तो कोणीच केला नाही.

आक्कासाहेबांनी मजकूर वाचिला आणि हसल्या. पोर काडीसारखी, त्यात दाणे नावडतात, म्हणजे ताकद यावी कोठून. जे नावडते ते नकळत पोटात कैसे घालावे ही विद्या आपल्याकडील प्रत्येक बाईस ठाऊक असते. दुधी नावडला तर थालिपिठात किसावा, पालक नावडला तर कणकेत मळावा. मग आक्कासाहेबांनी नव्या भुईमुगाचे दाणे मंद आचेवर भाजिले, सोलिले, कुटिले आणि वस्त्रगाळ केले, की जिभेस लागू नये, आणि दही-पोह्यांत कालवून शिदोरी बांधिली. इतकी मेहनत त्यांनी आपल्या स्वतःच्या लेकांसाठी कधी केली नव्हती.

काल्याचा दिवस उजाडला. देवळापुढील चौकात हंडी टांगिली, खाली कल्हई केलेले थोर पातेले मांडिले, आणि रीत ऐसी की प्रत्येक घराने आपली शिदोरी आणून त्यात ओतावी, कोणी पोहे, कोणी लाह्या, कोणी लोणच्याची फोड, कोणी भिजली डाळ, आणि कोणी काय आणिले ते पुसू नये. पुसणे म्हणजे गोपाळावर अविश्वास. काल्यात जात विरघळते, घर विरघळते, ऐसे शास्त्रीबोवा सांगत, आणि ते खरेच आहे, परंतु काल्यात शेंगदाणाही विरघळतो हे त्यांनी सांगितले नव्हते. राणीसाहेबांनी महाराजांस पुशिले, “सगळ्यांना सांगितलंय ना?” महाराज म्हणाले, “सगळ्यांना. आक्कांनाही.” मग आक्कासाहेबांनी आपली शिदोरी ओतिली, पदर खोचून पातेल्यात हात घातला, काला कालविला आणि पहिला घास भाचीपुढे धरिला. ओवीराजांनी तोंड मिटले आणि म्हणाल्या, “आत्या, यात दाणे नाहीत ना?” आक्कासाहेबांनी मागे उभ्या दासीकडे पाहून डोळा मिचकाविला आणि म्हणाल्या, “न्हाईत गं माझी बाय. एक दाणासुदिक न्हाई.” हे अक्षरशः खरे होते. दाणा एकही नव्हता, सारे कूट होते. आणि ओवीराजांनी विश्वासाने तोंड उघडिले.

आधी कन्या खाकरल्या, मग ओठ फुगले, मग “आई” म्हणावयास गेल्या ते अर्धेच आले. ताशे वाजत होते म्हणून कोणाच्या ध्यानी येईना. आले तेव्हा एक थोराड बाई ओरडली, “दृष्ट लागली गं, मिरच्या आणा.” आणि दोघी मिरच्या घेऊन निखाऱ्याकडे धावल्या. ते समयी राणीसाहेब गर्दीतून आल्या. त्यांचा चढा आवाज तोवर राज्यात कोणी ऐकिला नव्हता. “मिरच्या जाळाल तर याद राखा,” ऐसे म्हणून त्यांनी मुलीस आडवी केली, बटवा उघडिला आणि सुई वस्त्रावरूनच मांडीत खुपसिली, आणि दाबून धरिली, आणि तोंडाने आकडे मोजीत राहिल्या, परंतु डोळे मुलीच्या छातीवर. मग गाडी आली, शिंग फुंकीत दवाखान्याकडे गेली. चौकात काला तसाच, हंडी तशीच, आणि आक्कासाहेब दह्याने भरलेला हात पुढे धरून उभ्या, तो हात धुवावा हेही त्यांस सुचेना.

कन्या वाचल्या. हे आधीच सांगतो, कारण वाचणाऱ्यास टांगून ठेवणे हा हंडीचा धर्म, बखरीचा नव्हे. चौथे दिवशी दरबार भरला आणि चौकशी जाहली. मोबाइल पाहिला, वा चा ना उघड जाहला, आणि सर्वांनी चिटणीसांकडे पाहिले. सबनीस पुढे येऊन म्हणाले, “मी वावडेच लिहिलं होतं हो. पाठवल्यावर पुन्हा वाचलं नाही, एवढी माझी चूक.” कोणी म्हणाले यांस काढून टाकावे, कोणी म्हणाले यंत्र विहिरीत टाकावे, आणि महाराज कोणाचेच मन मोडवेना म्हणून दोहोंस मान डोलावीत होते. तेव्हा आक्कासाहेब उठल्या. ज्या बाईने माहेरच्या दरबारात कधी मान खाली घातली नव्हती, त्या खाली पाहून बोलिल्या, “त्या गरिबाला कशापायी काढता? मजकुरात वावडं लिवलं असतं, तरी मी नावडंच वाचलं असतं. आमच्याकडं वावडं म्हंजे नखरा. मी कूट घातलंच असतं, आणि पोरीला न्हाई म्हणूनच सांगितलं असतं.” मग राणीसाहेब म्हणाल्या, “मी स्वतः बोलायला हवं होतं.” इतकेच. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही, परंतु चिटणीसांची नोकरी राहिली. आक्कासाहेब सासरी गेल्या आणि जाते समयी भाचीस भेटावयास दारापर्यंत आल्या. आतून ओवीराजे म्हणाल्या, “ती दाणे नाहीत म्हणाली होती.” आक्कासाहेब उंबऱ्यावरूनच परतल्या. शेंगदाण्याची सूज दोन दिवसांत उतरली होती, ही उतरेना. ओवीराजे त्या दिवसापासून आईच्या हातावाचून कोणाच्याही हातचे खाईनात, पाणीही घेईनात, आणि बोलणे कमी जाहले.

मग राणीसाहेबांनी मुलीच्या काळजीने फर्मान काढिले. राज्यातून शेंगदाणा हद्दपार. काला बंद. प्रत्येकाने आपापला डबा, आपापले झाकण. वेशीवर पहारेकरी बसले, ते येणाऱ्याच्या पिशव्या हुंगून पाहात, चिक्कीवाल्यास हाकलिले, आणि त्याच उत्साहात एका भाजीवाल्यासही हाकलिले, कारण वालाच्या शेंगा त्यांस ओळखता आल्या नाहीत. चिवडा दाण्यांवाचून होऊ लागला. त्याविषयी हा लेखक अधिक लिहीत नाही, मुलीच्या जीवापुढे चिवडा काय, परंतु दुःख जाहले ते जाहले. येथवर ठीक. परंतु लोकांनी पाहिले की वावडे म्हटले की फर्मान निघते, आणि मग ज्यास त्यास वावडे उत्पन्न जाहले. सेनापतींस पहाटेच्या कवायतीचे वावडे. दप्तरदारांस प्रश्नांचे वावडे. एका सुनेस सासूच्या आवाजाचे आणि त्याच घरात सासूस सुनेच्या मौनाचे. एका बड्या सरदारास शेजारच्या बिऱ्हाडातील सुक्या बोंबलांच्या वासाचे वावडे जाहले, त्यांनी अर्ज केला, आणि शेजारी किनाऱ्याकडील गरीब माणसे, त्यांस घर सोडावयाची नोटीस गेली. दारोदार पाट्या लागल्या, अमक्याचे वावडे आहे, आत येऊ नये. पूर्वी लोक नावडे म्हणत तेव्हा भांडण होत असे आणि भांडण मिटतही असे. आता नावड्यास वावड्याची वस्त्रे चढविली, आणि आजाऱ्याशी भांडावे कैसे. आधी वा चा ना जाहला होता, आता ना चा वा जाहला, आणि हा दुसरा कोणा यंत्राने केला नाही, आम्ही सर्वांनी मिळून केला.

ह्याचा मार कोणावर पडला पाहा. पाठशाळेत ओवीराजे म्हणाल्या की मला दाण्याचे वावडे आहे, तर शेजारची मुलगी म्हणाली, “मला पण गणिताचं आहे,” आणि सगळी हसली. मुदपाकखान्यात एक आचारी दुसऱ्यास म्हणाला, “समद्यांनाच वावडी. कुणाकुणाचं ध्यानात ठेवायचं?” आणि चोरून आणिलेल्या शेंगतेलाची बरणी फोडणीसाठी उचलिली. राणीसाहेब स्वयंपाक पाहावयास त्याच वेळी आल्या म्हणून निभावले. हे डॉक्टर मुजावर यांचे कानी गेले, आणि त्या न बोलाविता दरबारात आल्या, पादत्राणे काढिली, पिशवी खाली ठेविली आणि म्हणाल्या, “महाराज, तुम्ही लोकांनी माझा शब्द खराब केलात. मला तो परत पाहिजे.”

मग त्यांनी तेथेच एकेकास पुढे बोलाविले. सेनापतींस पुशिले, “कवायतीनं श्वास अडतो? गांधी उठतात?” सेनापती म्हणाले, “कंटाळा येतो.” सरदारांस पुशिले, त्यांचे हातावर बारीक टोचून परीक्षा केली, दंड तपासला, काही उठले नाही. सरदार म्हणाले, “पण मला ते सहनच होत नाही.” डॉक्टर म्हणाल्या, “तुम्हांला सूज येत नाही, तुम्ही नाक मुरडता. नाक मुरडण्याला वावडं म्हणत नाहीत. त्या माणसांना नोटीस दिलीत ती परत घ्या, आणि वास सोसत नसेल तर खिडकी लावा.” दरबारात कोठे कोठे हसू आले. महाराज हसले नाहीत, त्यांनी पुशिले, “पण डॉक्टरबाई, आमच्या लहानपणी हे नव्हतं. आम्ही मातीत लोळलो, पडलेलं उचलून खाल्लं. आता असं का होतं?” डॉक्टर म्हणाल्या, “अंगाच्या वेशीवरही पहारेकरी असतात, महाराज. काही जाणते म्हणतात, पूर्वी त्यांची खऱ्या चोरांशी गाठ पडायची, म्हणून चोर कोण नि पाहुणा कोण ते कळायचं. आता सगळं धुऊन पुसून बंद केलं, चोर ओळखायची सवय राहिली नाही, मग पाहुण्यावरच तलवार काढतात. असेल. पुरतं कुणालाच ठाऊक नाही. पण तुमच्या लहानपणी नव्हतंच असं म्हणू नका. कमी असेल. कळत नसेल. तेव्हा जेवता जेवता पोर गेलं तर दृष्ट लागली म्हणायचे, आणि संपलं.” हे ऐकून सर्वांनी वेशीकडे पाहिले, तेथे पहारेकरी एका पाहुण्याची पिशवी हुंगत होते.

त्याच वेशीतून, तैशीच पिशवी हुंगवून, आक्कासाहेबही त्या दिवशी आल्या होत्या. कोणास न कळविता खांबाआड उभे राहून त्यांनी सारे ऐकिले होते. पुढे आल्या आणि डॉक्टरांस म्हणाल्या, “एक इचारू? ह्या हैबतीच्या आधी आमाला एक भाऊ हुता, मुकुंदा. चालायला लागला हुता नुकता. मी सात-आठ वर्साची. सणाचा लाडू मीच भरवला त्याला, आणि त्याचं ओठ असंच फुगलं. आईनं मिरच्या ओवाळून जाळल्या, खोलीत धूरच धूर. तो धुरानं आनखीच गुदमरला. समदी म्हणाली, लई गोरा हुता, दृष्ट लागली. ते हेच हुतं का वो?” डॉक्टर म्हणाल्या, “आक्कासाहेब, आता कसं सांगू? असेल. नसेलही. तुम्ही लहान होता आणि तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.” आक्कासाहेब म्हणाल्या, “तवा सांगितलं न्हवतं. ह्या वक्ताला सांगितलं हुतं.” आणि मग त्या माहेरच्या भर दरबारात, पदर तोंडास न लाविता, रडल्या. महाराज मुकुंदाचे नाव प्रथमच ऐकत होते. राणीसाहेब सिंहासनावरून उतरल्या आणि नणंदेच्या शेजारी बसल्या, आणि त्यांस आजवर त्या आक्कासाहेब म्हणत आल्या होत्या, त्या दिवशी म्हणाल्या, “वन्सं, पाणी घ्या.”

त्यानंतर फर्मान बदलले. शेंगदाण्यास राज्यात परत येऊ दिधले, केवळ पाठशाळा, मुदपाकखाना आणि काल्याचा चौक ह्यांत मनाई राहिली. चिक्कीवाला आला, वालवाला भाजीवाला आला, बोंबलांचे बिऱ्हाड राहिले आणि सरदारांनी खिडकी लाविली. चिटणीसांनी बसून यंत्रास वावडे हा शब्द शिकविला, आणि तरीही मजकूर पाठविण्याआधी मोठ्याने वाचून पाहण्याची सवय लाविली. आता उरला काला. बंदच ठेवावा ऐसे पुष्कळांचे मत. राणीसाहेबांचेही मन कचरत होते. परंतु ओवीराजे एके दिवशी आपणच म्हणाल्या, “सगळ्यांचा काला माझ्यामुळे गेला असं मुलं म्हणतात.” तेव्हा राणीसाहेबांनी रात्रभर विचार केला आणि नवी रीत घातली: काला होईल, परंतु प्रत्येकाने पातेल्याशी उभे राहून आपल्या शिदोरीत काय आहे, कोणत्या भांड्यात केले, ते मोठ्याने सांगावे आणि मग ओतावे. शास्त्रीबोवा म्हणाले, पुसणे म्हणजे अविश्वास. राणीसाहेब म्हणाल्या, “पुसत नाही. सांगा म्हणते.”

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर. ह्या नावात विश्वास अर्धामुर्धा का होईना आहे, म्हणून आम्हांस ते आवडले. श्रावण वद्य नवमीस चौक भरला. एकेक येऊ लागला. “पोहे, घरचं दही, मीठ. नवं पातेलं.” “लाह्या, काकडी. विळी धुऊन घेतली.” बोंबलांच्या बिऱ्हाडातील बाईने सांगितले, “नारळ नि गूळ. आमच्यात मासळीचं भांडं वेगळं असतं,” आणि सरदारांकडे पाहिले, ते नारळाकडे पाहात होते. आरंभी लोक लाजत होते, मग बोलणे चढू लागले, कोणी दह्याचे विरजण कोठून आणिले तेही सांगू लागले, आणि शेजाऱ्याच्या घरात काय शिजते हे कित्येकांस त्या दिवशी प्रथम कळले. शेवटी आक्कासाहेब आल्या. हातात पितळी डबा. सर्वांस वाटले, ह्या आता सर्वांत लांब यादी सांगतील. ओवीराजे आईच्या बोटास धरून उभ्या होत्या. त्यांनी आत्याकडे पाहिले आणि वर्षाने प्रथमच तिच्याशी बोलिल्या, तोच प्रश्न, त्याच शब्दांत: “आत्या, यात दाणे नाहीत ना?”

आक्कासाहेबांनी डब्याकडे पाहिले. म्हणाल्या, “दही-पोहे हाईत. मी दाणे घातले न्हाईत. पर आमच्या घरात रोज दाणे भाजत्यात, कढई तीच, पळी तीच, घासली तरी तीच. आत हाईत का न्हाईत, मला ठाऊक न्हाई.” मग डबा झाकिला आणि म्हणाल्या, “माझी शिदोरी काल्यात घालू नका.” आणि बाजूस जाऊन उभ्या राहिल्या. माहेरचा मान, बारशाचा मान, पहिल्या घासाचा मान, सारे त्या डब्यात होते, आणि डबा त्यांनी पोटाशी धरिला. काला कालवून जाहला, आणि पहिला घास कोण भरविणार ह्याची वाट पाहात सगळे उभे राहिले. तेव्हा ओवीराजांनी आईचे बोट सोडिले, आत्यापाशी गेल्या, तिच्या हातातील डबा घेऊन दूर ओट्यावर ठेविला आणि म्हणाल्या, “हात धू. साबणानं. मग तू भरव.”

हे वर्तमान डोळ्यांनी देखिले तैसे लिहिले. सार इतकेच की जो नाही म्हणून सांगतो त्याचे हातचे खावे की न खावे हा प्रश्न राहतो, आणि जो ठाऊक नाही म्हणतो त्याचे हातचे खाता येते. घाईत वाचणारांनी आमच्या वावड्याचे नावडे करू नये, आणि आपल्या नावड्याचे वावडे करू नये. लेखकास धुळीने शिंक आली. ती साधी की वावड्याची हे कळले नाही, म्हणून पाणी पिऊन, घटकाभर बसून मग लेखणी ठेविली.